पाच-पाच जणांनी लावा

हे मी घरीसुद्धा कधी बोललेले नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण काय सांगू? आता गप्प बसवत नाही, एवढंच.

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते. लॅबमध्ये तीस पडदे आहेत, पण त्यांना स्वतःचं डोकं नाही. कोपऱ्यातला एकच सर्व्हर सगळ्यांसाठी राबतो. पाहुण्यांसमोर लॅबचं उद्घाटन होतं त्या दिवशी तीस मुलांनी एकदम बटण दाबलं आणि तीसही पडदे गोठले. नुसतं लोडिंगचं चाक फिरत राहिलं. मोठ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं.

दाराबाहेर वत्सलामावशी स्टुलावर बसलेल्या. शाळेच्या शिपाई, खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. सकाळी लॅब त्यांनीच झाडलेली. आणि मी म्हणाले — किती सहज म्हणाले! — "मावशींच्या झाडूने वायर निघाली असणार, सर."

वायर घट्ट होती. दोन मिनिटांपूर्वीच मी हात लावून पाहिली होती. मला कारण कळत नव्हतं, आणि कळत नाही हे चारचौघांत सांगायची लाज वाटली. त्या लाजेपायी मी एका बाईचं नाव घेतलं. मावशी स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांना खाली संडास-बाथरूमची ड्युटी लागली. लॅबचा उंबरा ओलांडायचा नाही, असं वर बजावलं.

आठवडाभर लॅब रोज अडकत होती. मग एका दुपारी मी एकटी असताना मावशी दारात आल्या. आत पाऊल न टाकता म्हणाल्या, "बाई, सगली पोरा एकदम बटन दाबतान ना, तवाच ती पेटी धापा टाकते. मी भायेरून आयकलाय. पाच-पाच जनांनी लावा."

मी तसं केलं. पाच पडदे उजळले. मग आणखी पाच. सर्व्हरच्या पंख्याचा आवाज चढायचा, उतरायचा, आणि तो उतरला की मी पुढच्यांना सांगायची. तीसच्या तीस चालू झाले! अंगावर काटा आला माझ्या. एक सर्व्हर एका वेळी किती भार पेलेल, हे मी पुस्तकात शिकलेले. या बाईने ते भिंतीपलीकडून नुसत्या कानांनी ओळखलं होतं. आणि ते सांगायला ती कुणाकडे आली? माझ्याकडे! एवढं मोठं मन कुठून आणतात माणसं?

मोठ्या सरांनी विचारलं, "कसं जमवलंत?"

"बरेच दिवस अभ्यास करत होते," मी म्हणाले.

पुढे कल्याण-डोंबिवलीच्या शाळांमधले शिक्षक ही पद्धत पाहायला आले. मी फळ्यावर आकृती काढून समजावत होते. खालून चहा घेऊन मावशी आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. मी बोलत होते ते सगळं त्यांनी ऐकलं.

"बाई, चा निवल," त्या हळूच म्हणाल्या.

मी जाऊन ट्रे घेतला, आणि फळ्याकडे वळून पुढचं सांगत राहिले.