दोन भावांच्या मधली भिंत

रिपोर्ट प्रिंट होऊन टेबलावर पडला होता. फक्त माझी सही बाकी होती, आणि दुपारपासून माझ्या क्लायंटचा, नवीनचा, तिसरा फोन येऊन गेला होता. त्याला बेंगळुरूच्या बसवनगुडीतलं स्वतःच्या वाट्याचं अर्धं घर पाडून तिथे चार मजले चढवायचे होते. उरलेलं अर्धं सुरक्षित राहील, असं स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून मी लिहून द्यायचं होतं.

हल्ली डुप्लेक्स म्हटलं की आत जिना असलेला फ्लॅट डोळ्यांसमोर येतो. हे जुन्या अर्थाचं डुप्लेक्स. एकाच छपराखाली शेजारी शेजारी दोन घरं, मध्ये सामाईक भिंत. आपली दोन मुलं भांडू नयेत म्हणून नवीनच्या आजोबांनी ते बांधून घेतलं होतं. दोन दारं, दोन जिने, दोन पोर्च. पोर्चवर लाकडी पट्ट्यांची टोकदार टोपी, जिला इथे मंकी टॉप म्हणतात. मुलं भांडायची ती भांडलीच, पण घर ठणठणीत राहिलं.

दुसऱ्या अर्ध्यात नवीनच्या काकू राहतात. गल्ली त्यांना अक्का म्हणते. पंच्याहत्तरीच्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. शेजारचं अर्धं पडलं की आईचं अर्धं किती टिकणार, या धास्तीने त्यांच्या मुलीने सर्जापूर रोडच्या अपार्टमेंटमध्ये त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली होती. अक्कांना तिकडे जायचं नव्हतं. त्यांचं इथलं राहणं माझ्या सहीवर होतं.

तरी मी निवांत होते. घराच्या दर्शनी भिंतीवर मधोमध, वरपासून खालपर्यंत, सरळ खाच होती. अशी खाच म्हणजे जॉइंट, म्हणजे आत दोन वेगळ्या भिंती पाठीला पाठ लावून उभ्या, असं मी धरून चालले. मग एक काढली तरी दुसरी उभी राहते. पंचवीस वर्षं काम केलं की माणूस असं पटकन धरून चालतो.

सही करण्याआधी अक्कांची बाजू एकदा नजरेखालून घालावी म्हणून गेले. त्यांचं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर. त्यांनी कॉफी दिली आणि तक्रार सोडून नवीनचं कौतुकच सुरू केलं. लहानपणापासून हुशार, वगैरे.

"त्याच्या दहावीच्या वर्षी मी चटणीपूड मागच्या अंगणात बसून कुटली," त्या म्हणाल्या. "इथं कुटलं की तिकडं त्याचं टेबल हालायचं."

"आवाज जायचा म्हणताय?"

"आवाज तर जायचाच. टेबल हालायचं म्हणते मी. पेन खाली पडायचं."

माझी कॉफी तशीच राहिली. जुन्या बेंगळुरूत मजले असे बांधत: सागवानी तुळया जवळजवळ टाकायच्या आणि त्यांच्यावर चुन्यात उभ्या विटा बसवायच्या. दोन भिंती वेगळ्या असत्या, तर अक्कांच्या खलबत्त्याचा धक्का त्यांच्याच भिंतीत मुरला असता. पलीकडचं टेबल हालत होतं, म्हणजे तुळया पलीकडे जात असणार. मग ती बाहेरची खाच कसली, असं मी विचारलं.

"ती रंगाऱ्यानं पाडली. ह्यांना पिवळा रंग हवा, भावजींना निळा. एकाचा रंग दुसऱ्याकडं स्वल्पसुद्धा जायला नको."

भावाभावांची रंगावरून झालेली कुरबुर मी जॉइंट म्हणून वाचली होती. मला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी घेऊन गेले. नवीनला आणि अक्कांनाही बोलावलं. नवीनच्या वरच्या खोलीत भिंतीजवळची जमीन उकरून तुळई उघडी केली, भिंतीच्या तळाच्या दोन विटा सरकवल्या. भिंत एकच होती. तुळई तिच्यावरून अखंड अक्कांच्या स्वयंपाकघराखाली गेली होती. पुढच्या दोन तुळयाही तशाच. मधल्या भिंतीवरून सलग गेलेलं लाकूड कमी वाकतं, हे आजोबांच्या सुताराला ठाऊक होतं. इकडे करवत लावली असती, तर तिकडे अक्कांच्या पायाखालची जमीन झुकली असती.

नवीन चिडला. "मॅडम, ड्राफ्टमध्ये तर तुम्ही होईल म्हणाला होतात."

"चुकले मी."

"दुसरा कोणी सही देईल."

"देईल. पण तुळई त्याचं ऐकणार नाही."

मग माझ्या हे लक्षात कसं आलं, ते मी त्याला सांगितलं. चटणीपुडीचं ऐकून तो वाकून त्या भोकातून पलीकडचे डबे बघू लागला.

"काकू, तुमचं आणि आईचं पटत नव्हतं म्हणून तुम्ही बाहेर बसता, असं मला वाटायचं."

"तेही होतंच थोडं," अक्का म्हणाल्या.

नवीन हसला. चार मजल्यांचं त्याने त्या दिवशी सोडलं नाही; महिनाभर घेतला. शेवटी मागची, घरापासून सुटी असलेली कोठीची खोली पाडून तिथे आपलं ऑफिस बांधलं, आणि आपलं अर्धं घर दुरुस्त करून राहायला आला. मी नवा रिपोर्ट दिला. अक्कांनी माझ्यासमोरच मुलीला फोन लावला आणि त्या खोलीत आता खुशाल ट्रेडमिल ठेव म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी फार खुशीत घरी गेले.

आता मी भिंतीवर हातोडी ठोकण्याआधी आत राहणाऱ्यांशी तासभर बोलते. रिपोर्टमध्ये याला 'प्राथमिक पाहणी' म्हणतात.