केशरबाईंचा आवाज

अकोल्यातल्या आमच्या कॉलनीत चोर शिरला तो एकदाच, आणि पाण्याची मोटर घेऊन गेला. तेवढ्यावरून खुशालराव पेटले. कॉलनीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यांचा, वर्गणी त्यांची, कॅमेरेही त्यांच्याच पसंतीचे. कोपऱ्याच्या खांबावरचा कॅमेरा रस्ता सोडून नेमका केशरबाईंच्या अंगणात डोकावू लागला आणि त्यातलं सगळं घरोघरच्या मोबाइलवर दिसू लागलं.

केशरबाई एकट्या राहत. त्यांचे यजमान धर्मपालराव निवृत्त झाले आणि पुढच्याच उन्हाळ्यात गेले. मुलगा सुगत पुण्याला. तो फोन करतो, पण नेहमी घाईत.

दिवस कलला की बाई अंगणात पाणी शिंपडायच्या, दोन खुर्च्या मांडायच्या, एकीवर बसायच्या आणि दुसरीशी बोलायच्या. "ऐकता का, सुगतचे बाबा..." अशी सुरुवात. मग भाजीचा भाव, गुडघे, सुगत. याला वेड म्हणू नका. जन्मभर संध्याकाळचा चहा दोघांनी तिथेच घेतला होता. एक जण गेला म्हणून बोलणं कसं थांबवायचं?

एकदा त्या म्हणाल्या, "काल मोरीत पडली मी. कोणाले सांगतलं नाही. सुगतले समजलं तं आश्रमात टाकन मले."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची रागिणी आंबेहळद घेऊन आली. "काकू, पाय कसा आहे?"

"तुले कोणं सांगतलं?"

"मोबाइलमधी ऐकलं ना! रोजच ऐकतो आमी. तुमी काकांसंग बोलता, लय गोड वाटते."

पोरीच्या मनात पाप नव्हतं. म्हणून तर बाईंना तिच्यावर रागावताही येईना.

त्या तशाच लंगडत खुशालरावांकडे गेल्या. ओट्यावर पाच-सहा जण बसले होते, मीही होतो.

"भाऊ, त्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करा ना."

"काहून वहिनी? भारी माल आहे तो. अन् तुमच्यापाशी लपवण्यासारखं काय आहे?"

सगळे हसले. मला या प्रश्नाची भारी चीड आहे. न्हाणीघराला आपण कडी लावतो, ती काय चोरीचा माल लपवायला? मी तसं बोललोही. तर खुशालराव म्हणाले, "तुमाले प्रत्येक गोष्टीत खोट दिसते." विषय संपला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

केशरबाई परत गेल्या. त्या संध्याकाळी खुर्च्या दोन मांडल्या, पण बोलल्या नाहीत. पुढे पुढे एकच खुर्ची दिसू लागली. त्यांच्या गेटसमोरून जाताना मला इतकं ओकंबोकं वाटायचं की मी पलीकडच्या गल्लीने फिरायला जाऊ लागलो.

ग्रुपवर तक्रार आली: 'कोपऱ्याच्या कॅमेऱ्याचा आवाज येत नाही.' खुशालरावांनी लगेच मेकॅनिक बोलावला. तो शिडी लावून खांबावर चढला, वायरी हलवल्या, खाली अंगणात बसलेल्या बाईंकडे बघून म्हणाला, "काकू, माईक चेक करून राहिलो. बोला बरं काही."

केशरबाईंनी वर पाहिलं. मग दुसऱ्या खुर्चीच्या मोकळ्या जागेकडे.

"काय बोलू?" त्या म्हणाल्या.

"आला, आला!" खुशालराव मोबाइल उंच धरून ओरडले. "साफ आवाज आला!"