चार पिसांची पाटी

माझ्या साडूला लोक मौनी म्हणतात. मी त्याला बरंच काही म्हणतो, पण ते घरात, आणि तेही बायको आसपास नसताना.

आमच्या सासऱ्यांचं एकच लांबलचक गॅरेज होतं, दोन दारांचं. ते थकले तेव्हा मध्ये विटांची भिंत घातली आणि दोन जावयांना अर्धं अर्धं दिलं. थोरलीचा नवरा म्हणून कोपऱ्यावरची, उजेडाची बाजू त्याला. मला दुसरी, जिथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. सासरे म्हणाले, "दोन्ही सारख्याच आहेत." सारख्या म्हणे! मग रोज चहा प्यायला ते कोणाच्या बाजूला बसायचे, हे काय मी सांगायला हवं?

मौनी एकाच कंपनीच्या गाड्या दुरुस्त करतो. ढालीत तीन पिसं हे जिचं चिन्ह, ती कंपनी. दुसरी कुठली गाडी आली की हात जोडतो आणि माझ्या दाराकडे बोट दाखवतो. म्हणजे माझी निम्मी गिऱ्हाइकं त्याने नको म्हटलेली. आणि त्याची तऱ्हा तरी काय! आल्याआल्या बॉनेट उघडायचं नाव नाही. गाडीच्या मालकाला म्हणतो, "चालवा." मालक बापडा चालवतो आणि हा मागच्या सीटवर डोळे मिटून साहेबासारखा बसतो. दोन गल्ल्या फिरून आले की उतरून एवढंच म्हणतो, "मागचं डावं बेअरिंग." संपलं भाषण. लोक भारावून जातात. मी तेच नीट फोड करून सांगितलं तर म्हणतात, "फार बोलता बुवा तुम्ही."

त्याच्या दारावर ती ढाल होती, कंपनीच्या नावासकट. इतकी हुबेहूब, की शोरूममधून उचलून आणली असं वाटावं. मग मी काय गप्प बसतोय? मीही रंगवून घेतली, त्याच्यापेक्षा मोठी. नाव नाही घातलं, कारण मी सगळ्याच गाड्या करतो. नुसती ढाल, शोभेला. पेंटर शिडीवर चढलेला आणि मी खालून ओरडतोय, "अजून भरगच्च कर! शेजारच्यापेक्षा उठून दिसली पाहिजे!" त्याने केली भरगच्च.

एके सकाळी कंपनीची दोन माणसं आली. एक वकील, बॅग घेतलेला, आणि एक साहेब. माझं दार ओलांडून सरळ मौनीकडे गेले. तुम्ही आमचे अधिकृत नाही, तरी आमचं नाव आणि चिन्ह लावता, गिऱ्हाइकांना हे गॅरेज आमचंच वाटतं, असं वकील म्हणाला. या महिन्यात उतरवा, नाहीतर कोर्टात या. त्यांनी नोटीस हातात ठेवली. मौनीने ती पंधरा नंबरच्या पान्याखाली ठेवून दिली.

खरं सांगतो, मला आधी गुदगुल्या झाल्या. म्हटलं, बरी जिरली. पण दुपारपर्यंत सगळी गल्ली त्याच्या दारात! टायरवाला म्हणतो, "एवढी मोठी कंपनी आपल्या मौनीला घाबरली!" छापखान्यातला म्हातारा त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. माझी बायको बहिणीकडे जेवणाचा डबा घेऊन धावली. परत आली ती डोळे पुसत.

"कुठे ती कंपनी, कुठे आपली गल्ली," ती म्हणाली. "पण भाऊजी त्यांना माहीत आहेत. तुम्हाला पोस्टमन तरी ओळखतो का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, ढाल माझ्याही दारावर होती ना? मोठी होती ना? मग नोटीस त्यालाच का? मी काय मेलोय?

साहेब पुन्हा फोटो काढायला आला तेव्हा मी त्याची वाटच अडवली. "साहेब, जरा इकडेही बघा की! ही ढाल दिसत नाही का तुम्हाला?"

त्याने चष्मा वर केला, मान वर केली, बोटाने काहीतरी मोजलं. "ही चार पिसं आहेत."

"मग?"

"आमची तीन असतात. आणि ही पिसं तरी कुठली? हाताचा पंजा वाटतोय. हिला बघून आमच्या कंपनीची आठवणही कोणाला व्हायची नाही. तुमचं चालू द्या."

मौनी त्याच्या दारात उभा होता. तो हसला असता तर परवडलं असतं. पण नाही, त्याने माझी लाज राखायला तोंड फिरवलं आणि हात पुसत राहिला. म्हणजे चांगलं वागायचं कंत्राटही त्यालाच!

शेवटी त्याने पाटी उतरवली. 'या गाड्या इथे दुरुस्त होतात' एवढं साध्या अक्षरांत लिहायला हरकत नसते, असं छापखान्यातल्या म्हाताऱ्याने सांगून पाहिलं. मौनी म्हणाला, "त्यावर हरकत घेतली तर कोर्टात बोलावं लागेल." आणि सगळी भिंत पांढरी करून टाकली.

जुनी गिऱ्हाइकं येत होती. पण त्याचा खरा धंदा मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्यांचा. ढाल बघून ते वळायचे. आता पांढऱ्या भिंतीकडे बघून कोण वळणार? जे वळायचे ते माझी ढाल बघून माझ्या दारात. हळूहळू त्याच्या दारात गाडी दिसेनाशी झाली. थोरली माझ्या बायकोजवळ रडली, असंच राहिलं तर गॅरेज विकावं लागेल म्हणाली. माझं म्हणाल तर चार दिवस बरं वाटलं. मग तेही नासलं. कारण घरात दुसरा विषयच नाही. जेवायला वाढताना बायको माझ्या ताटाकडे बघेना, खिडकीतून तिकडे बघायची. त्याचं चाललं तरी तोच आणि बुडत असलं तरी तोच. मी जन्मभर आपला शेजारच्या दारातला.

आणि एक दिवस मौनी स्वतः माझ्याकडे आला. आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण त्याने माझ्यासमोर केलं.

"साडूभाऊ, मधली भिंत पाडू या. तुमच्या पाटीला कोणाची हरकत नाही. लांबून लोकांना ढाल दिसते, जवळ येऊन पिसं कोण मोजतंय? गॅरेज तुमचं. मी तुमच्या हाताखाली काम करीन. नाहीतर मला हे दार विकावं लागेल."

तुमच्या हाताखाली! हे ऐकायला मी किती वर्षं कान टवकारून बसलो होतो. "काय म्हणालात?" मी विचारलं. ऐकू आलं होतं, तरी विचारलं. त्या भल्या माणसाने सगळं पुन्हा सांगितलं. कपाळावर आठी नाही.

"विचार करून सांगतो," मी ऐटीत म्हणालो.

"पाडा," मागून बायको म्हणाली.

भिंत पडली. गॅरेज एकदम केवढं मोठं दिसायला लागलं! उजेड माझ्या बाजूलाही आला. मी एक खुर्ची आणून बरोब्बर मध्ये टाकली आणि धुतलेला शर्ट घालून मालक म्हणून बसलो. मौनी आत एका इंजिनात डोकं घालून होता. माझ्या हाताखाली.

तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून त्या कंपनीची एक गाडी वळली. उतरणाऱ्याने पाटीकडे पाहिलं आणि सरळ माझ्याकडे आला. मी उठून उभा राहिलो. त्याने किल्ली माझ्या हातात दिली.

"तुम्ही मालक ना?"

"मीच!" मी म्हणालो. पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं.

"बरं झालं भेटलात. तुमच्याकडे ते एक कमी बोलणारे आहेत, ते आहेत का आज? नसतील तर मी उद्या येतो. घाई नाही."

किल्ली मी मुठीत आवळून धरली. हातात रुतली. परत करून टाकावी, नाहीत म्हणून सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. मग आत वळून हाक मारली, "साडूभाऊ, या. तुमचं गिऱ्हाईक आलंय."

तो हात पुसत येईपर्यंत त्या माणसाला कुठे बसवायचं? दुसरी खुर्ची नव्हती. माझीच पुढे केली.