शुक्रवारची मोजणी

पर्यावरणाचा कायदा नवा होता आणि त्याचा अर्थ नेमका काय, हे आमच्या साहेबांनाही कळलं नव्हतं. पण न कळलेल्या गोष्टीवर सल्ला देण्याचाच त्यांचा धंदा होता. फोर्टात दोन खोल्यांचं ऑफिस, दारावर पितळी पाटी आणि आत उंटावरून शेळ्या हाकणारा हा गृहस्थ. अंधेरीकडे ते वर्षातून एकदा यायचे आणि तेही विमान पकडायला.

मरोळच्या कारखान्यांना लागून एका बिल्डरला मोठी वसाहत उभी करायची होती. त्याच्या चित्रात इमारतींभोवती हिरवीगार झाडं होती, रस्त्यावर तीन मोटारी आणि फुगा घेतलेली एक मुलगी. मरोळमध्ये तेव्हा फुग्याला श्वास घ्यायला जागा नव्हती. पण परवानगी हवी तर वसाहतीमुळे हवा, पाणी आणि रस्त्यावरची वाहतूक यांचं काय होईल त्याचा अहवाल जोडा, असं सरकारने सांगितलेलं. बिल्डरने तो आमच्या साहेबांकडून करून घ्यायचं ठरवलं आणि त्यातलं वाहतुकीचं प्रकरण माझ्याकडे आलं. डिप्लोमा होऊन मला वर्ष झालं नव्हतं आणि नोकरीत कायम केल्याचं पत्र अजून साहेबांच्या टेबलाच्या खणात होतं.

अहवालातून खरं तर एकच गोष्ट ठरायची होती. कारखान्यांकडे वळणाऱ्या कोपऱ्यावर बिल्डरने सिग्नल आणि फुटपाथ बांधून द्यायचा की नाही. गाड्या जास्त भरल्या तर द्यायचा, नाहीतर नाही. आणि तो कोपरा मला पाठ होता. माझे बाबा तिथल्याच एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. कापडगिरणी बंद पडल्यावर पन्नाशीत मिळालेली ती नोकरी. आयुष्यभर साच्यासमोर उभं राहून त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. बसमधून उतरलं की रस्ता ओलांडायचा, संध्याकाळी पुन्हा ओलांडायचा, आणि ट्रकवाले काही त्यांच्या गुडघ्यासाठी ब्रेक दाबत नव्हते.

मोजणी साहेबांनी शुक्रवारी ठेवली. सोमवारी लोक आळसावलेले असतात, शनिवारी बँका अर्ध्या दिवसाच्या, शुक्रवार कसा भरगच्च, असं त्यांचं शास्त्र. आता उपनगरात राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की विजेच्या टंचाईमुळे कारखान्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटून दिलेल्या होत्या. कुठे मंगळवार, कुठे गुरुवार. आमच्या बाबांच्या भागाला शुक्रवार होता. पण फोर्टात बसलेल्या माणसाला सुट्टी म्हणजे रविवार.

मला हे आधीच सांगता आलं असतं. नाही सांगितलं. साहेबांची चूक दाखवणाऱ्या माणसाचं पत्र खणातच राहतं, हे मी आधीच्या एका सहकाऱ्याच्या बाबतीत पाहिलं होतं.

कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून स्टूल मागून घेतलं आणि सकाळी आठपासून रेघा मारत बसलो. चार उभ्या, पाचवी आडवी. नियमाप्रमाणे ट्रकचे तीन धरायचे, सायकल अर्धी. चालणाऱ्या माणसाला रकानाच नव्हता. त्याला शून्यसुद्धा मिळत नव्हतं, कारण शून्य लिहायलाही रकाना लागतो. अकरा वाजेपर्यंत माझा कागद विधवेच्या कपाळासारखा मोकळा राहिला. एक दूधवाला, काही रिक्षा, आणि रस्त्याच्या मधोमध निवांत झोपलेली कुत्री.

दुपारी बाबा डबा घेऊन आले. सुट्टीच होती त्यांना. मुलगा सरकारी कामासाठी रस्ता मोजतो आहे याचा त्यांना कोण अभिमान! 'माझो झील' म्हणून पानवाल्याला दोनदा सांगून झालं. मग माझा कागद पाहिला आणि कपाळाला आठी पडली.

"आज कंपन्यो बंद असत रे. आज मोजून काय उपेग?"

"साहेबांनी आजच सांगितलंय, बाबा."

"त्येका म्हाईत नसतला. उद्या येवन मोज. उद्या बघ गाड्यो."

"येतो," मी म्हटलं.

तरी दुसऱ्या दिवशी हिंमत करून साहेबांना सांगितलं, की शुक्रवारी तिथे साप्ताहिक सुट्टी असते, आज परत मोजू का. त्यांनी चष्मा काढला. चूक कळल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं आणि पुढच्याच क्षणी त्या चुकीचा उपयोगही कळला.

"फॉर्मवर वार लिहायला जागा आहे?"

"आहे, सर."

"सुट्टी लिहायला?"

"नाही."

"मग झालं तर."

अहवाल तपासणाऱ्या सरकारी समितीपुढे आम्ही तिघे गेलो. साहेब, बिल्डर आणि नकाशांची गुंडाळी धरून मी. टेबलाभोवती पाच अधिकारी. त्यांतले चार बटाटेवड्यांच्या प्लेटचा अभ्यास करत होते. पाचवा मात्र म्हातारा आणि खवचट होता. त्याने आकडे दोनदा वाचले.

"कारखान्यांचा भाग आणि गाड्या एवढ्याच? कोणी मोजल्या?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

"कामाच्या दिवशी मोजल्या ना हो?"

"शुक्रवार होता, साहेब," मी म्हटलं.

"शुक्रवार म्हणजे कामाचाच," तो म्हणाला आणि पान उलटलं.

मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. साहेबांबद्दल मला आजही किळस वाटते, वडे खाणाऱ्या त्या चौघांबद्दलही. पण ते सगळे अडाणी किंवा लबाड होते. त्या खोलीत शुक्रवारचा अर्थ पक्का ठाऊक असलेला माणूस एकच होता आणि त्याने तोंड मिटलं. सिग्नल नको, फुटपाथ नको, परिणाम नगण्य, असा शेरा पडला. सोमवारी मला पत्र मिळालं.

इमारतींचं काम सुरू झालं आणि त्या कोपऱ्याची पार वाट लागली. खडीचे डंपर, मिक्सर, मग राहायला आलेल्यांच्या मोटारी. एकदा कामासाठी मी त्या बाजूला गेलो होतो, तर बाबा कोपऱ्यावर उभे दिसले. डब्याची पिशवी डोक्याच्या वर धरून त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, हॉर्न वाजला, मागे घेतलं. पुन्हा टाकलं, पुन्हा घेतलं. मी धावत जाऊन दंड धरला आणि त्यांना पलीकडे नेलं. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"तू शनवारी परत मोजलंस मा?"

मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "मोजलं."

"मगे सिग्नल येतलोच."

निवृत्त होईपर्यंत ते तसेच ओलांडत राहिले, पिशवी वर धरून. गेटवर कोणी रस्त्याला शिव्या घातल्या की ते त्याला गप्प करायचे. जरा दम धरा म्हणायचे, माझ्या झिलान मोजलेलो आसा.