पृथ्वीप्रदक्षिणेचे प्रस्थान

पृथ्वीला पूर्ण फेरी घालून जिथून निघालो तिथेच परत येणाऱ्या माणसाने प्रस्थान कोणत्या दिशेला ठेवावे, हा प्रश्न मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी सोडवावा लागला. त्याचे उत्तर मी कसे काढले आणि त्यात कुठे चुकले, ते येथे क्रमाने मांडते.

ज्यांच्या घरी ही चाल आता उरलेली नाही त्यांच्यासाठी आधी व्याख्या. निघण्याचा मुहूर्त एका दिवशी आणि प्रत्यक्ष गाडी दुसऱ्याच दिवशी असे झाले, की मुहूर्तावर माणसाऐवजी त्याचे सामान निघत असे. सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ फडक्यात बांधायचे, सोबत प्रवासाची एखादी वस्तू घ्यायची आणि जायच्या दिशेला असलेल्या ओळखीच्या घरी नेऊन ठेवायची. एवढ्याने माणूस निघाला असे धरले जाई. अटी दोन. ठेवलेली वस्तू घरी परत आणायची नाही, आणि पाच दिवसांच्या आत निघायचे. पाच दिवस ही आमच्या घरची मर्यादा. तुमच्याकडे वेगळी असू शकेल.

स्वातंत्र्यानंतरची सात-आठ वर्षे झाली होती. आम्ही मायलेकी ठाण्याला, स्टेशनच्या पश्चिमेला दोन खोल्यांत राहत असू. मी कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवीत असे. निरनिराळ्या देशांत भूगोल कसा शिकवतात ते पाहून यावे यासाठी एका शिक्षणसंस्थेने माझी निवड केली. अकरा महिन्यांचा प्रवास, बहुतेक बोटीने: मुंबईहून कोलंबो, सिंगापूर, जपान, मग पॅसिफिक ओलांडून अमेरिका, तिथून इंग्लंड, आणि सुएझमार्गे पुन्हा मुंबई. नाशिकच्या पलीकडे न गेलेल्या भूगोलाच्या शिक्षिकेला यापेक्षा काय हवे होते?

हवी होती ती आईची संमती. ती "जा" म्हणाली नाही, "नको"ही म्हणाली नाही. भाजणी भाजायला घेतली, मेतकूट केले, माझ्या उबदार कोटाची बटणे पक्की केली. पण निघताना माझ्या तळहातावर दही ती घालणार की नाही, हे तिने सांगितले नव्हते. आणि तिच्या हातचे दही घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असे मी मनाशी ठरवले होते. वडील गेल्यानंतर या घरात दोघींपैकी एकीनेही दुसरीला न विचारता मोठे काही केलेले नव्हते.

"प्रस्थान कुठल्या दिशेला ठेवणार आहेस, ते आधी सांग," एवढेच ती म्हणाली.

"आई, बोट पूर्वेला जाते आहे."

"आणि तू बोटीवर चढणार मुंबईला. ती काय पूर्वेला आहे?"

मी शेजारच्या गुरुजींकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, पंचांग उघडले आणि विचारले, "प्रवासाचं शेवटचं ठिकाण कोणतं?"

"ठाणे."

"आणि निघायचं कुठून?"

"ठाण्याहूनच."

त्यांनी पंचांग मिटले. "माझ्या पोथीत जाणाऱ्याची दिशा आहे, बाई. फिरून इथेच येणाऱ्याची नाही. मुहूर्त देतो, दिशेचं तुमचं तुम्ही पाहा. भूगोल तुमचा विषय."

तेव्हा मी ते थट्टेवारी नेले. गुरुजी उत्तराच्या अगदी जवळ आले होते हे मला कळले नाही.

मी शास्त्रशुद्ध विचार केला. प्रवासाचा मोठा भाग पूर्वेकडे. म्हणून दिशा पूर्व. ठाण्यात पूर्वेला, रुळांपलीकडे कोपरीच्या अंगाला मिठागरे होती. तिथल्या एका मिठागरवाल्या मावशी वर्षानुवर्षे आमच्याकडे जाडे मीठ घेऊन येत आणि आईशी तासभर बोलत बसत. शनिवारी बोट होती. बुधवारी मुहूर्तावर मी माझी लहान पेटी सुपारीच्या फडक्यासह मावशींच्या पडवीत नेऊन ठेवली. आई दारापर्यंत आली.

गुरुवारी पत्र आले. बोटीची दुरुस्ती निघाली होती, ती एकोणीस दिवस उशिरा सुटणार होती.

आता माझी चूक सांगते. सामान बांधण्यासाठी मी सात पानांची यादी केली होती. रोज लागणाऱ्या वस्तू वर, आठवड्याने लागणाऱ्या मध्ये, आणि देवी व पटकीच्या लशींच्या दाखल्यासारख्या फक्त अधिकाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू तळाशी, अशी रचना होती. ट्रंकेत काय भरले आणि काय उरले, हे त्या यादीवरच्या खुणांवरून कळे. आणि ती यादी, हरवू नये म्हणून, मी लहान पेटीत ठेवली होती. पटकीची दुसरी टोचणी व्हायची होती. तिची नोंद ज्या दाखल्यावर करायची तोही त्याच पेटीच्या तळाशी होता. पेटी घरी आणता येत नव्हती. इतकी वर्षे मी मुलींना, दप्तर भरण्याआधी वेळापत्रक दप्तराबाहेर ठेवा, असे शिकवीत आले होते.

परिणाम असा झाला, की शाळेतून सुटले की मी घरी न जाता रूळ ओलांडून कोपरीला जाई, पडवीत पेटी उघडी, यादी वाची, जरूर ते टिपून घेई आणि पेटी पुन्हा बंद करी.

"काय गो मास्तरीणबाय," मावशी म्हणाल्या, "जग फिराला निंगालीस, ना माज्या पडवीतच मुक्काम?"

"बोट बिघडली आहे, मावशी."

"बोट बिघारली, का आयचा जीव बिघारला?" त्या हसल्या. "पाच दिस झालं. आता तुजा परस्थान शिळा झाला. कुत्रा झोपतंय त्याच्याव."

कुत्रा खरोखरच पेटीवर झोपत असे. झाकणावर त्याच्या अंगाचा ठसा उमटला होता.

मला हसू आले, पण मुहूर्त टळला होता आणि आईचे मौन वाढले होते. माझ्या दिशेच्या निवडीवर तिचा विश्वास नव्हता हे मला दिसत होते. का नव्हता ते दिसत नव्हते.

दुसऱ्या रविवारी भाजणीचा डबा पेटीत ठेवायला मी निघाले, तर आई पदर खोचून उभी. "मी येते. तू डबा उभा ठेवशील आणि सगळ्या कपड्यांना पीठ लागेल." इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच मावशींच्या घरी येत होती. मावशींनी पडवी झाडून घोंगडी टाकली, कुत्र्याला हाकलले. आईने पेटी उघडली, दोन लुगडी काढली, डबा आडवा बसवला, भोवती टॉवेल कोंबला. मग हात तसेच पेटीत ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"नाशिकला गेलीस तेव्हा येताना तीच स्टेशनं उलटी लागली ना तुला?"

"हो."

"इगतपुरी, कसारा, मग कल्याण. गेलीस तशी फिरलीस, म्हणून आलीस. इथे तू नुसती पुढे पुढेच जाणार म्हणतेस. एकदासुद्धा पाठ फिरवणार नाहीस. मग परत येतेस कशी, ते मला सांग."

तिला दिशा नको होती. तिला परतीची वाट हवी होती.

मी आधी, सवयीने, पृथ्वी गोल असल्याचे पुरावे सांगू लागले: येणाऱ्या जहाजाची डोलकाठी आधी दिसते, ग्रहणात पडणारी सावली वाटोळी असते. आईने मध्येच थांबवले. "ते तू घरी पाठ करायचीस तेव्हा ऐकलंय मी. गोल आहे, मान्य. मी विचारलं ते वेगळं."

तिचे बरोबर होते. पुरावा हे उत्तर नव्हते.

पडवीच्या कोपऱ्यात लाल भोपळे रचले होते. मी त्यातला एक मधल्या आकाराचा घेतला. भोपळ्याच्या शिरा देठापासून बुडापर्यंत जातात, नकाशातल्या रेखावृत्तांसारख्या. वर्गात हे मला कधी सुचले नव्हते. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. मावशींच्या पानाच्या डब्यातला चुना बोटाने घेऊन एका शिरेवर ठिपका दिला.

"हे ठाणे."

"लई मोठा केलास," मावशी म्हणाल्या.

मिठाच्या गोणीची सुतळी घेऊन तिचे टोक मी ठिपक्यावर अंगठ्याने दाबले. "आता आई, तू ने. उजवीकडे. वाकवायची नाही आणि मागे आणायची नाही."

आईने सुतळी ताणून उजवीकडे नेली. मी एकेका शिरेवर नाव घेत गेले: सिंगापूर, जपान, मग कितीतरी शिरा नुसते पाणी, अमेरिका, पुन्हा पाणी, इंग्लंड. भोपळा तिच्या हातात हळूहळू फिरत होता. सुएझ आले, एडन आले आणि सुतळीचे दुसरे टोक डावीकडून येऊन माझ्या अंगठ्याला लागले.

आई थांबली. सुतळी सोडून तिने पुन्हा धरली. या वेळी मला न विचारता तिने ती तिरपी नेली, देठाच्या थोडी खालून. ती पलीकडून येऊन ठिपक्यालाच मिळाली. मग सरळ देठावरून, बुडाखालून. तरी ठिपकाच.

"म्हणजे कुठूनही गेलीस तरी," ती सावकाश म्हणाली, "पाठ न फिरवता पुढे जात राहिलीस तर घरीच येतेस."

"हो."

"आणि ही पेटी पुढे पुढे गेली म्हणजे..."

"म्हंजे घराकरंच चालली की, वैनीबाय," मावशींनी वाक्य पुरे केले. "माज्याकडं कुत्र्याच्या खाली कशाला?"

आईने सुपारीचे फडके पेटीतून काढून कनवटीला लावले. नियमाचे काय, असे मी विचारताच तिने मावशींसमोरच मला ऐकवले: "गुरुजींनी तुला विचारलं होतं ना शेवटचं ठिकाण? प्रस्थान त्या बाजूला ठेवायचं असतं, आणि ते ठिकाण म्हणजे आपलंच घर. परत आणायचं नाही हे खरं, पण ही पेटी परत येत नाहीये. पुढच्या मुक्कामाला जाते आहे. उचल."

भोपळा मावशींनी आम्हाला देऊन टाकला. पेटी माझ्या हाती, भोपळा आईच्या काखेत, अशा आम्ही रूळ ओलांडून आलो. नव्या मुहूर्तावर सुपारीचे फडके आईने देवघरातल्या कोनाड्यात ठेवले. ते सोबत न्यायला तिने मला दिले नाही. "ते आधीच पोचलंय," म्हणाली.

बोट सांगितलेल्या दिवशी सुटली. त्या सकाळी मी हात पुढे केला आणि आईने तळहातावर दही घातले. ते घट्ट होते, वर साखर होती. "यादी वर ठेव," एवढीच सूचना तिने केली.

अकरा महिन्यांनी मी पश्चिमेकडून आले. आई दारात होती. तिने तुकडा ओवाळून टाकला, मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "पाठ नाही ना फिरवलीस?"

"नाही."

मग तिने कोनाड्यातले फडके माझ्या हातात दिले. गाठ मीच सोडली. सुपारी सुकून हलकी झाली होती. तांदूळ जसेच्या तसे होते.

तर उत्तर हे, की पृथ्वीप्रदक्षिणेचे प्रस्थान घरीच ठेवावे. भोपळा देठाकडे चेपलेला असतो, तो पुरता गोल नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. पृथ्वीही ध्रुवांकडे किंचित चेपलेलीच आहे. तरीही केवळ मी सांगते म्हणून हे मान्य करू नये. घरात भोपळा असेल तर तो घ्यावा, नसेल तर चेंडू चालेल. चुन्याचा एक ठिपका द्यावा, सुतळी ताणून हव्या त्या दिशेला न्यावी, आणि ती कुठे येते ते स्वतः पाहावे, ही विनंती.