नाक्यापलीकडचा चुडा

हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात सामील झालं ते भाद्रपदात. मी त्याच्या आधीच, वैशाखात, बैलगाडीत बसून झाले. मला न्यायला फौजफाटा काही लागला नाही. माझी सासू एकटी पुरली.

आमचं गाव जिंतूरच्या वर, वऱ्हाडच्या अंगाला. तिकडं लेकी द्यायच्या आणि तिकडच्या सुना आणायच्या हे आमच्याकडं पहिल्यापासून चालत आलेलं. माझ्या दोन्ही आत्या तिकडंच दिलेल्या. मधे सरहद्द होती, नाकाही होता. पण तिथला कारकून गाडीतल्या मालावर जकात घ्यायचा, पानाची पिचकारी टाकायचा आणि जाऊ द्यायचा. मग इंग्रज गेला. पलीकडं नवं सरकार आलं. आमच्या निजामानं मात्र जाहीर केलं की आम्ही कुणात मिसळणार नाही, आमचं राज्य वेगळंच राहणार. माय म्हणाली, "म्हंजी काय झालं वो?" आण्णा, म्हणजे माझे वडील, बैलांना वैरण टाकत होते. म्हणाले, "धाकला भाऊ वायला निघाला, दुसरं काय. चूल झोकात मांडलीय, पर मिठाचं मडकं थोरल्याच्या घरात ऱ्हायलंय."

अगदी तसंच झालं. दोन्ही सरकारांचं बोलणं फिसकटत गेलं तसा पलीकडून येणारा माल आटला. आधी रॉकेल गेलं, आम्ही करडीच्या तेलाचे दिवे लावले. मग काडेपेट्या गेल्या. सकाळी उठून गोवरी घ्यायची आणि विस्तव मागत दारोदार फिरायचं. त्या निमित्तानं सगळ्या आळीच्या बातम्या कळायच्या, त्यामुळं मला तरी त्याचं काही वाईट वाटलं नाही. भाजीत मीठ चिमटीनं पडू लागलं. कापसाची तर गंमतच. माल पुढं जाईना म्हणून कुणी कापूस घेईना, जिनिंगचे भोंगे बंद पडले, आणि आमच्या माजघरात आढ्यापर्यंत कापूस भरला. अंगावर घालायला मात्र कापड नाही! माय जुन्या लुगड्याला ठिगळ लावायला बसायची ती कापसाच्या ढिगावर टेकून. आण्णा तिला म्हणायचे, "कापसाची राणी हाईस तू." ती त्यांना सुई दाखवायची.

मी हसत सांगते म्हणून सगळं हसण्यासारखंच होतं असं नाही. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या. दिवस मावळला की दारं लागायची. शेजारची काही कुटुंबं गुरंढोरं सोडून पलीकडं निघून गेली होती. म्हणूनच आण्णांना माझं लग्न लवकर उरकायचं होतं. पोरगी पलीकडं गेली की एक जीव तरी सुखरूप, असं ते मायला हळूच म्हणायचे. ते ऐकून मला भीती वाटायची आणि रागही यायचा. मी काय कणगीतलं धान्य होते, आधी हलवून ठेवायला?

सोयरीक आधीच जमलेली होती. मार्गशीर्षात मुलाकडची माणसं येऊन मला बघून गेली. मी पाण्याचा तांब्या ठेवला, नाव सांगितलं आणि आत आले. एवढंच आमचं पाहणं. आत आल्यावर मी दाराच्या फटीतून बाहेर बघितलं. आमचं वासरू त्या मुलाच्या उपरण्याचं टोक चघळत होतं, आणि मोठी माणसं देण्याघेण्याचं बोलत असताना हा पठ्ठ्या मुकाट्यानं ते चघळू देत होता. मला तो तिथंच आवडला. मी त्याला आवडले की नाही, हे मात्र मला कुणी सांगेना. विचारायची रीत नव्हती. सुपारी फुटली, मंडळी गेली, आणि त्यानंतर नाका आवळत गेला तसा त्यांच्याकडचा निरोपही येईनासा झाला.

वैशाखातली तिथी जवळ आली तेव्हा मनियारचाचा आले. हे जिंतूरचे, बांगड्या भरणारे. आमच्या आळीतल्या प्रत्येक नवरीचा हात त्यांनी दाबून दाबून चुड्यात घातलेला, माझ्या मायचासुद्धा. नेहमी त्यांच्या खांद्यावर बांगड्यांच्या माळा असायच्या आणि ते वेशीत शिरले की किणकिणीवरूनच कळायचं. या वेळी आवाजच झाला नाही. ओसरीवर बसून त्यांनी पेटी उघडली. आत लाखेच्या बांगड्या आणि काळ्या काचेच्या थोड्याशा.

"हिरव्या?" मायनं विचारलं.

"कुठून आनू, भाभी? आपल्या राज्यात लाख मिळते, काच न्हाई मिळत. काचेचा माल समदा तिकडून रेल्वेनं यायचा, तो बंद झाला. जिंतूरला न्हाई, परभनीला न्हाई. लाखेच्या भरतो की, लाल-पिवळ्या. लय झकास दिसतील."

"माज्या लेकीला चुडा हिरव्या काचेचाच भरायचा," माय म्हणाली. "त्याबिगर लगीन न्हाई."

आण्णांनी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. माय हलेना. एरवी ती आण्णांचं सगळं ऐकायची, पण हिरवा चुडा हे तिचं खातं होतं. नवरीला लाख भरून उभी केली तर बायका काय म्हणतील, आणि पुढं काही कमीजास्त झालं तर जन्मभर मनाला टोचत राहील, असं तिचं म्हणणं. गल्लीतल्या साऱ्या बायका तिच्या बाजूनं. त्यांचेही हाल होतेच. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं; आणि त्या साली वाढलेल्या बांगडीच्या जागी दुसरी मिळत नव्हती. बायका दळायला बसताना बांगड्या कोपराकडं सारून वर चिंधी बांधायच्या. धुण्याच्या दगडावर कुणी जोरानं हात आपटेना. आमच्या शेजारच्या दोघी जावा वर्षानुवर्षं भांडत आलेल्या. त्यासुद्धा आता हात पाठीमागं धरून भांडायला लागल्या. आण्णा म्हणाले, एवढा एक फायदा झाला बघा वायलं निघायचा.

अशात नदीवर एक बाई मला म्हणाली, "तुज्या सासरच्यांनी म्हनं तिकडंच दुसरी पोरगी बघितली. नाक्याची कटकट कशाला लावून घेतील?" मी पिळलेलं धोतर तिच्या अंगावर फेकलं आणि तरातरा घरी आले. घरी येऊन कापसाच्या ढिगात तोंड खुपसून रडले. लोकांना मीठ पाहिजे होतं, रॉकेल पाहिजे होतं, राज्य पाहिजे होतं. मला फक्त तो मुलगा पाहिजे होता, आणि त्यालाही मी पाहिजे आहे का एवढं कळायला पाहिजे होतं.

आण्णांनी शेवटी ओळखीच्या एका बैलांच्या व्यापाऱ्याबरोबर तोंडी निरोप धाडला. तो दोन्हीकडं फिरायचा. निरोप असा, की इकडं हिरवा चुडा मिळेना, घरातली बाई ऐकेना, तर दोन्ही सरकारांचं जमेपर्यंत लग्न पुढं ढकलायचं का? मी आतून ओरडले, "त्यांचं जमेपर्यंत मी म्हातारी व्हईन!" आण्णा व्यापाऱ्याला म्हणाले, हे सांगू नका. त्यानं तेही सांगितलं, हे मला लग्नानंतर कळलं.

उलटा निरोप आला, "तिथीला येतो. चुड्याची काळजी करू नका." माय चक्रावली. नाक्यावर तर मिठाची पुडीसुद्धा सोडत नव्हते. बांगड्यांची पेटी कोण सोडणार? आण्णा म्हणाले, येतील तवा खरं.

आणि ते आले. हळदीच्या दिवशी, उन्हं कलताना, बैलगाड्यांची रांग वेशीत शिरली. गाड्यांआधी आवाज आला. किणकिण कसली, नुसता खणखणाट! आळीतल्या बायका कामं टाकून बाहेर धावल्या. गाड्यांतून बायका उतरल्या, आणि प्रत्येकीचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत हिरवेगार. सासूबाई, चुलतसासवा, नणंदा, शेजारणी, झाडून सगळ्या. हात वाकवता येत नव्हते म्हणून पुढं धरून चालत होत्या. मायनं औक्षणाचं तबक घेतलं होतं, ते तिला हसू आवरेना म्हणून डुगडुगायला लागलं.

नाक्यावर काय झालं ते सासूबाईंनी ओसरीवर बसून सांगितलं. पलीकडच्या शिपायांना माल इकडं येऊ द्यायचा नव्हता. त्यांनी गाड्या थांबवल्या, गाठोडी सोडली, मीठ काढून घेतलं, कापडाचं ठाण काढून घेतलं. मग त्यांच्या साहेबाची नजर बायकांच्या हातांवर गेली. तो म्हणाला, हा एवढा माल कशाला?

"मी म्हनलं, माल? बाप्पा, हे तं माह्या हातातलं सवाष्णलेणं हाये. काढू काय? तू म्हनत असशीन तं काढतो. पन आधी घरी जाय अन् तुह्या मायले ईचारून ये, सवाष्णीले हातातल्या बांगड्या काढ म्हनाव काय म्हून."

साहेबानं खाली बघितलं आणि रस्त्यावरचा आडवा दांडा वर करायला लावला. पुढं आमच्या बाजूचा नाका. त्या कारकुनाला जकात हवी होती. सासूबाईंनी त्याच्याही पुढं हात धरले. त्यानं पिचकारी टाकली आणि तोंड फिरवलं. दोन सरकारांचं वर्षभर एका गोष्टीवर एकमत होत नव्हतं, ते त्या दिवशी झालं. हे सांगताना सासूबाई इतक्या हसल्या की त्यांच्याच दोन बांगड्या वाढल्या.

मनियारचाचांना बोलावणं गेलं. ते आले आणि त्या हातांकडं बघून मटकन खालीच बसले. "या अल्ला," म्हणाले, "माझी पेटी चालत आली की!" मग त्यांनी करडीचं तेल घेतलं आणि एकेकीच्या हातांतल्या बांगड्या अलगद उतरवायला लागले. भुंडे हात ठेवायचे नाहीत म्हणून प्रत्येकीच्या हातात दोन-दोन ठेवायच्या आणि बाकीच्या काढायच्या. मायच्या मनात अजून एक शंका होतीच. ती हळूच म्हणाली, "पर दुसऱ्यांनी घातलेल्या... नवरीला कोऱ्या लागतात ना?"

"कोऱ्या पेटीतल्या अस्तेत," सासूबाई म्हणाल्या. "ह्या सवाष्णींच्या हातावरून आल्या. ह्याच्याहून चांगल्या कोन्त्या?"

मायला पटलं. लग्नघरी साऱ्या बायकांना बांगड्या भरायची रीत, ती आमच्याकडं त्या साली पुरी होणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. आता आळीच्या आळी रांगेत बसली. त्या दोघी जावा पहिल्या. भरून झाल्यावर त्या हात मोकळे सोडून भांडल्या आणि कुणी त्यांना अडवलं नाही. ज्या बायकांनी महिनोन् महिने चिंध्या बांधल्या होत्या त्यांनी त्या सोडून चुलीत टाकल्या. मी एवढी माणसं एकदम खूश झालेली त्याआधी बघितली नव्हती.

माझी पाळी आली. चाचांनी माझा हात हातात घेतला, बोटं गोळा करून दाबली आणि मान हलवली. "बारीक हात हाय. ह्या समद्या मोठ्या मापाच्या. हिला गळून पडतील."

माय घाबरली. तेव्हा सासूबाईंनी मागं वळून हाक मारली, आणि गाडीतून उतरल्यापासून एका कोपऱ्यात न हलता बसलेली माझी धाकटी नणंद पुढं आली. आठ-नऊ वर्षांची पोर. दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले. तिनं ते सोडले. तिच्या हातांतही कोपरापर्यंत बांगड्या, सगळ्यांत गर्द हिरव्या, आणि एकीलाही टवका नाही. चाचांनी त्यातली एक उतरवून माझ्या हातात घातली. ती थोडी अडली, मग मनगटावर बेताची बसली.

"बरोबर मापाच्या!" चाचा म्हणाले. "माप कुनी घेतलं होतं?"

आमच्याकडून माप कुणीच दिलं नव्हतं. माय सासूबाईंकडं बघायला लागली, सासूबाई पोरीकडं.

"भाऊनं सांगितलं," पोरगी म्हणाली. "घरातल्या समद्यायचे हात पाह्यले त्यानं. मोठ्या बाईचा पाह्यला, म्हने हा नाई. काकीचा पाह्यला, म्हने हाबी नाई. मंग माहा हात धरला अन् म्हने, असाच हाये. मले म्हने, गाडीत हात झाकून बस, खेळू नोको. तिचा चुडा हाये."

बायका अशा हसल्या की बाहेर जानवसघरापर्यंत ऐकू गेलं असेल. मी पदर डोळ्यांवर ओढला. मार्गशीर्षापासून मी ज्याचा घोर लावून घेतला होता, ते उत्तर त्या पोरीनं साऱ्या आळीदेखत देऊन टाकलं होतं. मला हसू आलं, लाज वाटली, आणि मग डोळ्यांतून पाणीच यायला लागलं ते थांबेना.

चाचा पुढची बांगडी चढवत होते. ते थबकले. "दुखलं का, बेटी?"

मी मान हलवून हो म्हणाले. ते बिचारे आणखी हळू हळू भरायला लागले.