थंडीची फीट

माझं लग्न इंग्रजीच्या एका शब्दापायी मोडता मोडता राहिलं. शब्द बायकोच्या भावाचा होता, अर्थ मात्र माझा.

आम्ही रिसोडचे. घरात इंग्रजीत पहिल्याच झटक्यात पास झालेला मी एकटा. त्यामुळे औषधाच्या बाटलीपासून मोबाइलपर्यंत सगळं वाचायला माझ्याकडे यायचं. (बरोबर वाचतो की नाही, हे तपासणारं कोणी नव्हतं.)

किन्हीराजाच्या वैशालीशी साखरपुडा झाला आणि ती माझा फोनच उचलेना. काळजीनं मी तिच्या भावाला विचारलं. तो पुण्याला नोकरीला, सुट्टीवर घरी आलेला. त्याचा मेसेज आला, ‘वैशाली हॅड कोल्ड फीट. ऑल ओके नाऊ.’

मी आईला अर्थ सांगितला, "वैशालीले थंडीची फीट येते."

‘हॅड’ म्हणजे भूतकाळ, आणि ‘फीट’ हे ‘फूट’चं अनेकवचन. दोन्ही शाळेत घोकलं होतं. दोन्ही ऐनवेळी पळून गेलं.

आई मटकन खाली बसली. मामा म्हणाले, आजार लपवला, सोयरीक मोडा. मला मात्र साखरपुड्यात अंगठी माझ्या बोटाच्या पेरावर अडकल्यावर पदराआड हसणारी वैशाली आठवली. मोठ्यांपुढे मी पहिल्यांदाच तोंड उघडलं, "फीट येऊ द्या नाही तर काही. मले लगन तिच्यासंगच कराचं हाये."

शेवटी ठरलं, जाऊन डोळ्यांनी पाहायचं. जीपनं किन्हीराजा गाठलं. मामांनी खिशात कांदा घेतला होता, फीट आलेल्याला हुंगवायला.

न कळवता आलेले पाहुणे पाहून चहा आणणाऱ्या वैशालीच्या हातातले कप थरथरू लागले. झालं! मामांनी बुक्कीनं कांदा फोडला आणि तिच्या नाकाला लावला. चहा सगळा माझ्या पांढऱ्या पँटवर.

तिच्या वडिलांनी विचारलं, हे काय करून राह्यले? मी मेसेज दाखवून माझा अर्थ सांगितला. भावानं माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला.

"फीट म्हणजे पाय, जवाईबापू. लग्नाच्या धास्तीनं तिचे पाय लटपटले होते, एवढंच लिवलं म्या."

मी ओशाळून वैशालीला विचारलं, "पण धास्ती कायची?"

कांद्यानं डोळ्यांत आलेलं पाणी पुसत ती म्हणाली, "सारे म्हणत, नवऱ्याचं इंग्रजी लय पक्कं हाये. मले वाटलं, माह्यं कसं निभन?"

त्या दिवसापासून ती निर्धास्त आहे. इतकी, की पोरीचा इंग्रजीचा अभ्यास तीच घेते, आणि तेवढ्या वेळात मला दळण आणायला पाठवते.